तुळशीवरच्या पट्ट्या

"आई, हात सरळ धर. सुरकुती राहिली तर पाणी आत जाईल."

हेमंत माझ्यासमोर चटईवर मांडी घालून बसला होता. गुडघ्यापाशी औषधाच्या दुकानातलं पाकीट, आणि पाकिटात तळहाताएवढ्या रुंद चिकटपट्ट्या. कातडीच्या रंगाच्या म्हणे. इथल्या लोकांच्या कातडीच्या, माझ्या नव्हे.

"आणि नाही लावल्या तर?"

"तर गरम पाण्याच्या कुंडात उतरू देणार नाहीत. दारावरची पाटी पाहिलीस ना?"

पाहिली होती. एका माणसाच्या दंडावर नक्षी काढलेली आणि त्यावर लाल काट मारलेली. खाली त्यांच्या अक्षरात काहीबाही.

"इथे अंग गोंदवतात ते गुंड असतात," हेमंत म्हणाला. "टोळीवाले. पाठभर साप, राक्षस. लोक घाबरतात."

"माझ्या हातावर साप नाही. तुळस आहे."

"ते त्यांना काय कळतं गं?"

"मग सांग त्यांना. तुला भाषा येते."

"विचारलं मी. इथल्या मालकीणबाईंना आधी फोन करून विचारलं होतं. झाकलं तरच चालेल म्हणाल्या." त्याने पट्टीमागचा कागद सोलला. "उद्या मोरिता साहेबांची बायकोही असेल बायकांच्या बाजूला. एवढं माझ्यासाठी कर."

माझ्या डाव्या हाताला, कोपराच्या खाली, तुळशीवृंदावन आहे. तीन पायऱ्या, वर डेरेदार तुळस, आणि भोवती अकरा ठिपके. मी नऊ वर्षांची असताना चोपड्याच्या आमच्या अंगणात गोंदणारीण आली होती. तिने तीन सुया दोऱ्याने एकत्र बांधल्या आणि काजळात बुडवल्या. माय माझा हात मांडीवर दाबून बसली होती. म्हणाली, "रडू नको बाई. सोनंनाणं मेल्यावर काढून घेतात. हे तेवढं तुझ्यासोबत येईल." मी रडले नव्हते.

त्या हातावर माझ्या मुलाने एकापुढे एक तीन पट्ट्या लावल्या आणि अंगठ्याने दाबून कडा बसवल्या. पहिली पायऱ्यांवर, दुसरी तुळशीच्या बुंध्यावर, तिसरी पानांवर. काम नीट झालं का, म्हणून हात दिव्याकडे वळवून पाहिलं.

"झालं," तो म्हणाला. "काही दिसत नाही."

या गोष्टीला सोळा वर्षं झाली. हेमंत तेव्हा नागोयात नोकरीला होता आणि मी सहा महिन्यांसाठी त्याच्याकडे गेले होते. त्याचे वरिष्ठ मोरिता यांनी डोंगरातल्या एका जुन्या सराईत दोन दिवस जायचं ठरवलं. ते, त्यांची बायको, हेमंत, माझी सून केतकी आणि मी. लाकडी घर, कागदाची दारं, मागे ओढा, आणि डोंगरातून येणारं गरम पाणी दगडी कुंडात सोडलेलं. आमच्याकडे उनपदेवला गोमुखातून असंच ऊन पाणी पडतं, त्यामुळे मला ते परकं वाटलं नाही. परकं एवढंच की खोलीला न्हाणी नव्हती. सगळ्यांनी अंघोळ करायची ती त्या कुंडावरच.

आणि माझं कार्तिकस्नान चालू होतं. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत महिनाभर सूर्य उगवायच्या आधी स्नान, मग तुळशीची पूजा, आणि त्यानंतर दिवसातून एकदा जेवण. एकतीस वर्षं खंड नव्हता. बाळंतपणातल्या भावजयीच्या उशाशी असताना नाही, हे गेले त्या वर्षी नाही. ते व्रत मी कशासाठी धरलं, ते हेमंतला कधी सांगितलं नव्हतं.

नागोयाच्या घरात तुळस नव्हती. रोप विमानातून नेऊ देत नाहीत. पुडीत मंजिऱ्या बांधून नेल्या होत्या, त्याही विमानतळावर काढून घेतल्या. म्हणून मी रोज हातावरच्या तुळशीची पूजा करत होते. पाण्याचा थेंब, हळद, कुंकू, एखादं फूल. प्रदक्षिणेला स्वतःभोवतीच फिरायचं. केतकी हसायची, मीही हसायची. पण मनात काही कमी वाटत नव्हतं.

पट्ट्या लावल्या त्या दिवशी प्रबोधिनी एकादशी होती. दिवसभर मी राजगिऱ्याच्या एका लाडवावर होते. दुसऱ्या दिवशी द्वादशी. सकाळी स्नान, तुळशीची पूजा आणि मग उपास सोडायचा. त्या रात्री गादीवर पडल्यावर मी हात छातीवर घेतला. पट्ट्यांना रबरासारखा वास येत होता. मला त्या मालकीणबाईंचा राग येत होता. कोण कुठली बाई, न बघता न विचारता मला टोळीवाल्यांत बसवते. देवाचं नाव घ्यायला लागले तरी मध्येच ती लाल काट दिसायची.

पाच वाजता कुंड उघडलं. केतकी मला घेऊन गेली. तिने आधी माझ्या अंगावरचा सराईतला झगा नीट केला.

"आई, उजवी बाजू आत, डावी वर. तुम्ही उलटं केलंत. तसं इथे मेलेल्यांना नेसवतात."

"बरं झालं सांगितलंस. आजच्या दिवस जिवंत राहायचंय."

कपडे ठेवायच्या खोलीत ती जरा घुटमळली. "आई, इथे सगळे कपडे काढायचे. पाण्यात टॉवेलसुद्धा चालत नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही. कुणी बघत नाही पण. या वेळी कुणी नसतंच."

मी जन्मभर लुगडं नेसून नदीत उतरलेली बाई. पण व्रत व्रत असतं, आणि अंधार होता. मी कपडे काढून टोपलीत घडी करून ठेवले. मग डाव्या हाताकडे लक्ष गेलं आणि मला हसू आलं, ते चांगलं हसू नव्हतं.

"केतकी, हे कसलं गं यांचं? अंगावर चिंधी चालत नाही. आणि तुळशीवर तेवढ्या तीन चिंध्या पाहिजेत."

केतकीने आपली टोपली फळीवर सरकवली. ती माझ्या हाताकडे बघत नव्हती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

आधी बुटक्या स्टुलावर बसून अंग धुतलं, मग कुंडाशी आलो. वाफेतून पलीकडे एक डोकं दिसलं. पांढरे केस, वर घडी घातलेला छोटा पंचा. मी केतकीकडे पाहिलं.

"ओकामीसान," ती हळूच म्हणाली. म्हणजे इथली घरधनीण. मालकीणबाई.

ऐंशीच्या आसपासच्या असतील. आम्हाला पाहून त्यांनी मान लववली. मी लववली नाही. पाण्यात उतरले, पूर्वेकडे तोंड केलं, गंगा-यमुना-गोदावरी म्हटल्या आणि गळ्यापर्यंत बसले. पाणी फार ऊन होतं. डावा हात मी पाण्याबाहेर काठावर ठेवला होता, पट्ट्या सुटू नयेत म्हणून. मुलाने सांगितलं होतं ना.

ओकामीसान पाण्यातूनच हळूहळू जवळ आल्या. माझ्या हाताकडे बोट करून काही विचारलं.

"काय म्हणतात?"

"विचारताहेत, लागलंय का."

"त्यांना सांग, लागलेलं नाही. त्यांच्याच नियमाने झाकलंय."

केतकीने कपाळावरचे केस मागे सारले.

"सांग की."

तिने सांगितलं. ओकामीसानच्या कपाळाला आठी पडली. त्या भरभर बोलायला लागल्या. एकदा दाराकडे हात केला, एकदा माझ्याकडे. केतकी ऐकत होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता.

"काय?"

"काही नाही आई. म्हणाल्या, पाणी फार ऊन असेल तर पलीकडे थंड आहे."

"एवढं सगळं थंड पाण्याबद्दल? केतकी, माझी द्वादशी आहे. आज मला खोटं ऐकवू नकोस."

ती पाण्याकडे बघत बोलली. "त्या म्हणतात, ती पाटी तरुण पोरांसाठी आहे. पावसाळ्यात शहरातून येतात आणि दंगा करतात, म्हणून लावली. हेमंतचा फोन आला होता, ते खरं आहे. त्याने विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, आजींना आहे तसं येऊ दे, झाकायची काही गरज नाही. पाचला मी स्वतः तिथे असते, कुणी काही बोलणार नाही." ती थांबली. "त्या विचारताहेत, मग हे कुणी सांगितलं?"

ओढ्याचा आवाज येत होता. मी हात काठावरून उचलला आणि पाण्याखाली घेतला.

"तुला माहीत होतं?"

"फोनवर काय बोलणं झालं ते नव्हतं माहीत. पण..." ती अडखळली. "तुम्ही यायच्या आधी त्याने तीन पूर्ण बाह्यांची स्वेटरं आणून ठेवली होती. सप्टेंबरात. मी म्हटलं, एवढ्या उकाड्यात कशाला? तर म्हणाला, दुकानांतून एसी असतो, आईला सोसत नाही."

मला तर ते लेकाचे लाड वाटले होते. घाम गाळत मी ती स्वेटरं घालून भाजी आणायला गेले होते. पलीकडच्या बायकांना केतकीकरवी सांगितलंही होतं, मुलाने आणलीत.

ओकामीसाननी माझं मनगट धरलं. पट्टीला हात लावला नाही, फक्त धरलं. मग थांबत थांबत बोलल्या, आणि केतकी एकेक वाक्य मराठीत सांगत गेली. त्या मूळच्या इथल्या नव्हेत. दक्षिणेकडच्या बेटांवरच्या, इथे लग्न करून आल्या. त्यांच्या आजीचे दोन्ही पंजे गोंदलेले होते, बोटांपासून मनगटापर्यंत, निळे. तिकडे पूर्वी सगळ्या बायका गोंदवून घ्यायच्या. मेल्यावर पलीकडे त्याच खुणेवर आत घेतात, असं म्हणायच्या. मग सरकारने बंदी घातली, आणि शाळेत पोरं त्या हातांना हसू लागली.

"त्या सात वर्षांच्या होत्या," केतकी म्हणाली. "आजी डबा घेऊन शाळेत आली. यांनी तिला सांगितलं, असे हात घेऊन पुन्हा येऊ नकोस."

"मग?"

"आजी पुन्हा आली नाही. आणि तेव्हापासून तिने हात बाहीतच ठेवले. घरातसुद्धा. वाढतानासुद्धा. मेली तेव्हाही हात बाहीत होते." केतकीने नाक पुसलं. "त्या म्हणतात, ती रागावली असती तर बरं झालं असतं."

मी पाण्यातून बाहेर आले.

न्याहारीला मोठ्या खोलीत सगळे एका रांगेत बसलो. प्रत्येकाच्या पुढे बुटकं ताट आणि त्यात लहान लहान वाट्या. जवळजवळ सगळ्यात मासळीचं पाणी, त्यामुळे माझ्या ताटात नुसता वाफेचा भात होता. शेजारी माझी मेतकुटाची डबी. समोर मोरिता आणि त्यांची बायको. मोरिता हसतमुख माणूस, हेमंतच्या पाठीवर थाप मारून काही सांगत होते. हेमंत मोठ्याने हसत होता. मी झग्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि बसून राहिले.

थोड्या वेळाने त्याचं लक्ष गेलं. "आई, खा ना. काल एकादशी होती."

"तुळशीची पूजा झाल्याशिवाय कशी खाऊ?"

"मग कर की. झाली नाही अजून?"

"तुळस कुठे आहे?"

त्याने माझ्या हाताकडे पाहिलं, मग मोरितांकडे. आवाज खाली आणला. "पट्टी ओल्या हाताने ओढली की निघते. खोलीत जाऊन काढ, पूजा कर, आणि नवी लाव. पाकीट माझ्या बॅगेत आहे."

"मला काढता येते. पण मी लावलेली नाही."

"म्हणजे?"

"ज्याने लावली त्याने काढायची."

"बरं, काढतो. जेवण झाल्यावर खोलीत काढतो."

"मग मी तेव्हा जेवेन."

मोरितांच्या बायकोने केतकीला काही विचारलं. बहुतेक, आजींना बरं नाही का. केतकी उत्तर देईना. ती आपल्या वाटीकडे बघत होती. मग हेमंतनेच हसून काहीतरी सांगितलं.

"काय सांगितलंस त्यांना?"

"सांगितलं, तुझा उपास आहे."

"तेवढं खरं सांगितलंस." मला आवाज चढवायची सवय नाही. त्या दिवशीही चढवला नाही. "ओकामीसान तुला फोनवर काय म्हणाल्या होत्या रे?"

हेमंतने केतकीकडे पाहिलं. तिने वाटीवरची नजर उचलली नाही.

"आई, इथे नको."

"इथे नको, तर कुठे? पुण्याला तू पदवी घेतलीस तेव्हा पत्रात लिहिलंस, पोलक्याच्या बाह्या मनगटापर्यंत शिवून घे, हल्ली तशी फॅशन आहे. मी शिवल्या. तुझ्या लग्नातही तसंच. जरीची साडी आणि मनगटापर्यंत बाह्या, भर वैशाखात. मला वाटलं, पोराला हौस आहे." मी थांबले. "तिथे कुठले टोळीवाले होते, हेमंत? तिथे कुणाची पाटी होती?"

त्याच्या हातातल्या जेवायच्या काड्या ताटावर टेकल्या. कान लाल झाले होते. लहानपणी खोटं पकडलं की व्हायचे तसे.

"हॉस्टेलवर सगळ्यांच्या आया..." तो काड्या सरळ करू लागला. मग म्हणाला, "त्यांच्या आयांचे हात कोरे होते."

"आणि तुझ्या आईचा नव्हता."

"मला वाटलं, तुला काही कळायचं नाही."

"ते बरोबर वाटलं. नाहीच कळलं. उनपदेवच्या जत्रेत, बाजारात, शाळेच्या फाटकाशी, मी हाच हात हलवून तुला हाक मारत होते आणि तू मान खाली घालत होतास. मला वाटायचं, पोर लाजाळू आहे."

समोरच्यांना मराठी येत नव्हतं. पण त्या खोलीत आता कुणी जेवत नव्हतं.

व्रताचं तेव्हा माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तो चार वर्षांचा असताना विषमज्वराने एकवीस दिवस निपचित पडला होता. बाविसाव्या दिवशी त्याने डोळे उघडले, त्या कार्तिकात मी हे धरलं. पण मी बोलले नाही. ते सांगितलं असतं तर त्याने पट्ट्या भीतीने काढल्या असत्या. मला त्या भीतीने काढून नको होत्या.

कागदाचं दार सरकलं. ओकामीसान आत आल्या. हातात लहान तबक, त्यात ऊन पाण्यात पिळलेलं फडकं. त्या गुडघ्यांवर बसल्या, तबक माझ्यापुढे न ठेवता हेमंतपुढे ठेवलं आणि काही न बोलता निघून गेल्या.

हेमंत बराच वेळ त्या फडक्याकडे बघत राहिला. भात गार होत होता. मला भूक लागली होती, हे सांगायला हरकत नाही. पोटात ओढ पडत होती. पण त्याने ते फडकं उचललं नसतं तर मी तशीच नागोयाला गेले असते.

त्याने उचललं. माझ्याकडे सरकून बसला आणि फडकं माझ्या हातावर धरलं. मग एक कडा नखाने सोडवली. पट्टी हळूहळू ओढायला लागला.

"दुखतंय?"

"ओढ."

पहिली निघाली. पायऱ्या दिसल्या. दुसरी निघाली. तिसरी घट्ट बसली होती, तिच्याबरोबर चार केस उपटले गेले आणि कातडी लाल झाली. त्या लालीत माझी तुळस होती तशीच होती, निळसर हिरवी. त्याचा अंगठा तिथेच राहिला. मग एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर गेला, तिथून तिसऱ्यावर. लहानपणी तो याच ठिपक्यांवर आकडे शिकला होता. झोप येईपर्यंत मोजायचा, आणि सहानंतर नेहमी आठ म्हणायचा. आता त्याचे ओठ हलत होते. मी हात मागे घेतला नाही. पण पुढेही केला नाही.

मोरितांच्या बायकोने वाकून पाहिलं आणि हळू आवाजात काही विचारलं. हेमंतने मान वर न करता उत्तर दिलं. दोन-तीन वाक्यं असतील. ती बाई एकदम सरळ बसली आणि मला मान लववून नमस्कार केला.

"काय म्हणाला तो?" मी केतकीला विचारलं.

"म्हणाला, ही आमच्या अंगणातली तुळस आहे. आईवर कुणी पाटी लावली नव्हती, मीच लावली होती."

केतकीने माझी हळदकुंकवाची डबी काढून दिली. ओंजळीतल्या पाण्याचा थेंब, हळद, कुंकू. फूल नव्हतं, तर मोरितांनी आपल्या ताटातलं सजावटीचं लाल पान काढून पुढे केलं. मी ते वाहिलं. मग उठले, तिथेच सगळ्यांसमोर स्वतःभोवती तीनदा फिरले आणि खाली बसून गार भातावर मेतकूट घालून उपास सोडला.

हेमंत अजून तिकडेच आहे. दर रविवारी फोन करतो, दरवर्षी कार्तिकात येऊन जातो. माफ केलंस का, असं त्याने कधी विचारलं नाही, आणि मीही आपणहून सांगितलं नाही. विचारेल तेव्हा बघू.

ती तीन स्वेटरं मी चोपड्याला घेऊन आले. आल्या आल्या कात्री घेतली आणि बाह्या कोपरावर कापल्या. हिवाळ्यात अजून घालते, अंगाला ऊब चांगली देतात. कापलेल्या बाह्यांची सहा फडकी झाली. वृंदावन पुसायला वापरते.